पणजोबांचा माग: धनजकडील जुनीं दप्तरें

धनजकडील पुष्कळ शेतकरी बंधु हल्लीं आपल्या पणजोबांच्या नोंदी शोधीत असतात. त्यांनीं केवळ वाशीमच्या कचेरीवर विसंबूं नये. हल्लींचा वाशीम जिल्हा १९९८ सालचा. कारंज्याकडील मुलूख पूर्वीं मूर्तिजापूर तालुक्यांत मोडत असे, आणि तो तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यांत व नंतर अकोला जिल्ह्यांत होता.

वऱ्हाडांत १८६१ पासून मुंबईच्या धर्तीवर जमिनीची पाहणी व जमाबंदी सुरू झाली. त्या कागदांत सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार व खातेदार मिळतो. माणसाचें जन्ममरण मात्र कोतवाल बुकांतच पाहावें लागतें. तेथें पुष्कळदां आडनांव नसतें, म्हणून बापाचें नांव ताडून पाहावें. दोन्ही कागद शेजारीं ठेवले म्हणजे घराची कथा उलगडूं लागते. १८९९-१९०० च्या दुष्काळांत किंवा १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथींत एकापाठोपाठ मृत्यु नोंदलेले असले व लगेच शेत परक्याच्या नांवें चढलें असलें, तर विक्रीचें कारण बहुधा त्यांतच असतें. खात्यावर विधवेचें नांव आलें असेल, तर शेती कोणीं तगविली हेंहि कळतें. एरवीं जमिनीच्या कागदांत बायकांचा मागमूस क्वचितच लागतो.

न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त २०२३ पासून कुणबी नोंदींसाठीं जुनीं दप्तरें बाहेर निघालीं, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची वाण पदोपदीं भासली. घरच्या पेटींतील खरेदीखत मोडींत आहे एवढ्यासाठीं रद्दींत टाकूं नये. जुन्या मराठी कागदांवर कुणब्याच्या सहीच्या जागीं नांगराची निशाणी असे. ती ओळखावयास मोडी लागत नाहीं.