न दिसणारा चावा

दसरा आला की महाराष्ट्रातून पाऊस निरोप घेतो. चेन्नईत मात्र नेमका तेव्हाच त्याच्या आगमनाचा काळ असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्येकडील मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून येतात आणि या शहराला वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा देऊन जातात. उन्हाने करपलेली मोकळी जमीन पंधरवड्यात हिरवी होते. लोहमार्गाच्या कडेला, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या आवारात, तांबरम-पल्लावरमच्या बाजूस रिकाम्या पडलेल्या भूखंडांवर गवत आणि झुडपे माजतात. मग ती कापावयास माणसे येतात. कोणी रुळांची निगा राखणारा गँगमन असतो, कोणी माळी, कोणी सफाई कामगार, तर कोणी पाया खणणारा बिगारी. पायांत बहुधा चप्पल, कमरेला दुमडलेली लुंगी आणि हातात कोयता, एवढ्या सामग्रीनिशी तो दिवसभर गवतात वावरतो. दुपारची विश्रांतीही त्याच गवतावर, झाडाच्या सावलीला होते.

पुढे थंडीच्या दिवसांत, पोंगलच्या आगेमागे, यांपैकी एखाद्याला ताप भरतो. डोके ठणकते, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो. हवा बदलली, पावसात भिजणे झाले, असे म्हणून चार दिवस निघून जातात. नेहमीच्या गोळ्यांनी ताप हटत नाही. दुसऱ्या आठवड्यात श्वास लागू लागतो आणि मग रुग्णालयाची धावपळ होते. अशा तापांत डेंग्यू असतो, हिवताप असतो, विषमज्वर असतो. आणि तमिळनाडूत या ऋतूत पुष्कळदा स्क्रब टायफसही असतो. इंग्रजीत खुरट्या झुडपी रानाला जो शब्द आहे, त्यावरूनच या रोगाला हे नाव पडले. जपानी लोक त्याला फार पूर्वीपासून ‘त्सुत्सुगामुशी’ म्हणत आले आहेत. आजार आणि कीटक या अर्थाचे दोन शब्द त्या एका नावात आहेत.

हा कीटक म्हणजे चिगर. कोळी आणि गोचीड यांच्या गोत्रातील एका सूक्ष्म जीवाचे हे बाळरूप होय. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, रंग नारिंगी किंवा फिकट आणि पाय सहा. मोठेपणी त्याला आठ पाय फुटतात आणि तो मातीतच राहून इतर बारीक जीवांवर गुजराण करतो. माणसाशी त्याचे काही देणे-घेणे उरत नाही. चावतो तो केवळ बालवयात, आणि तेही आयुष्यात बहुधा एकदाच. अंड्यातून बाहेर पडलेले चिगर गवताच्या पात्यांवर आणि पालापाचोळ्यावर थव्याने वाट पाहत बसतात. त्यांचे नेहमीचे यजमान म्हणजे उंदीर आणि घुशी. त्या वाटेने माणूस गेला तर त्यालाही ते चिकटतात. चिगर रक्त पीत नाही. तो त्वचेत लाळ सोडतो, तीमुळे विरघळलेला पेशींचा रस दोन-चार दिवस शोषतो आणि गळून पडतो. रोगाचे जंतू त्या लाळेबरोबर शरीरात उतरतात. मादीकडून ते अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे एखाद्या जागी हा रोग रुजला की वर्षानुवर्षे तेथेच मुक्काम करतो.

या सर्व प्रकारात वेदना नाही, खाजही बहुधा नाही. म्हणून चावल्याची वार्ता माणसाला लागत नाही. ताप येतो तो साधारणतः दहा-बारा दिवसांनी. तोवर कोणत्या गवतात आपण बसलो होतो, हेही विसरलेले असते.

परंतु निसर्गाने येथे एक खूण ठेवली आहे. चावल्याच्या जागी प्रथम बारीक पुटकुळी येते. मग ती फुटून तेथे काळी खपली धरते आणि तिच्याभोवती लाल कडे दिसते. सिगारेटचा चटका बसावा तसा हा डाग असतो. कपडा जेथे घट्ट बसतो तेथे चिगर अडतो. म्हणून हा डाग काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, स्त्रियांच्या बाबतीत छातीखाली, अशा झाकलेल्या जागी आढळतो. ओलसर घडीत तर खपली धरतच नाही. केवळ उथळ व्रण राहतो. तो दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. संकोचामुळे दाखवत नाही. आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकाचे अंग तपासण्यास डॉक्टरला सवड सापडत नाही. एका लहानशा डागाभोवतीच्या या तिहेरी मौनात काही माणसे प्राणास मुकतात, ही या रोगाची खरी शोकांतिका आहे.

शोकांतिका म्हणावयाचे कारण असे की, औषध हाताशी आहे आणि ते महागही नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम आणि ब्रह्मदेशाच्या रानांत या रोगाने सैन्यांना हैराण केले, तेव्हा त्यावर नेमके औषध नव्हते. सैनिकांचे कपडे कीटक दूर ठेवणाऱ्या रसायनात भिजवून देणे, हाच त्या वेळी मोठा आधार होता. 1948 साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण सिद्ध झाला आणि या रोगाचे रूप पालटले. आज डॉक्सिसायक्लीन किंवा ॲझिथ्रोमायसिन वेळेवर मिळाले, तर पुष्कळदा दोन दिवसांत ताप उतरतो. चेन्नईहून सुमारे 140 किलोमीटरवरील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातील सात केंद्रांत सुमारे आठशे अत्यवस्थ रुग्णांवर अभ्यास झाला. रोग बळावलेला असता ही दोन्ही औषधे एकत्र देणे अधिक हितकर ठरते, हा त्याचा निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. उलट पेनिसिलीनच्या कुळातील औषधे या जंतूवर चालत नाहीत. निदान चुकले, तर इंजेक्शने घेऊनही रोगी खालावत जातो तो यामुळेच.

चिगरपेक्षा गोचीड थोराड. ती डोळ्यांना दिसते. पण तिच्या एका जातीने आणलेला रोग अधिक बिकट आहे. मार्च 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि भोवतालच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या रोगाचा विषाणू शोधून काढला आणि तो गोचिडींमार्फत पसरतो हे दाखविले. पुढे हाच माकडताप तमिळनाडूच्या निलगिरीत आढळला, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोचला. तेथे काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यात सापडली. चेन्नईचा बिगारी आणि कोकणातला काजू वेचणारा यांची भाषा वेगळी, पण धोका एकाच जातीचा. फरक इतकाच की, माकडतापावर विषाणूला मारणारे हमखास औषध नाही. तेथे बचाव हाच उपचार होय.

आता या बचावाचा विचार करू. पहिली गोष्ट कपड्यांची. अंगभर, पण सैल सुती कपडे घालावेत. विजारीचे पाय मोज्यांत आणि सदरा विजारीत खोचावा. पायांत बूट असावेत. फिकट रंगावर चढणारी गोचीड चटकन दिसते. उघड्या त्वचेला डीट किंवा डीईपीए या कीटक दूर ठेवणाऱ्या औषधांचा लेप लावावा. यांपैकी डीईपीए ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. पर्मेथ्रिन मात्र फक्त कपड्यांना लावावयाचे असते, अंगाला नव्हे.

दुसरी गोष्ट बसण्या-उठण्याची. गवतावर थेट बसू वा पडू नये. खाली जाड कापड अंथरावे. काढून ठेवलेला सदरा झुडपावर टाकू नये, धुतलेले कपडे गवतावर वाळवू नयेत, आणि शौचासाठी झुडपांचा आडोसा घेण्याची पाळी कोणावर येऊ नये.

तिसरी गोष्ट घरी परतल्यावरची, आणि ती सर्वांत मोलाची आहे. कामाचे कपडे लगेच उतरवून गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून अंग घासून स्नान करावे आणि काखा, जांघा, कानांमागची जागा, गुडघ्यांची मागची बाजू तपासावी. गोचीड चिकटलेली दिसल्यास तिला काडीचा चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये, बोटांनी चिरडू नये. तसे केल्याने तिच्या शरीरातील द्रव जखमेत जाण्याचा संभव असतो. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून तिला सरळ, सावकाश वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

डासांविषयी लोक पुष्कळ जाणतात. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीने कामगाराचे रक्षण होत नाही. चेन्नईत हिवतापाचा डास विहिरी आणि गच्चीवरील टाक्यांत वाढतो. बांधकामावर साठवलेले पाणी दोघांनाही सोयीचे असते. ते झाकणे वा आठवड्यातून एकदा उपसणे, हे तेथे राबणाऱ्यांच्या आरोग्याचे काम आहे.

मात्र हा सारा भार मजुराच्या माथी टाकून भागणार नाही. चेन्नईच्या दमट उकाड्यात अंगभर कपडे घालून गवत कापणे ही सुखाची गोष्ट नव्हे, आणि रोजंदारीवरचा माणूस स्वतःच्या पैशाने बूट घेईलच असे नाही. ज्याचे काम आहे त्याने बूट द्यावेत, लेप द्यावा, हातपाय धुण्यास पाणी आणि शौचालय द्यावे, आणि गवत कापण्याचे काम सकाळच्या थंड वेळी ठेवावे. ही दया नव्हे. कोयत्याला धार लावण्याइतकाच तो कामाचा भाग आहे.

आणि इतके करूनही ताप आलाच, तर रुग्णाने दोन वाक्ये आपण होऊन सांगावीत: “मी गवतात काम करतो” आणि “माझे अंग तपासून पाहा.” डाग नसला म्हणून रोग नाही असे होत नाही, पण डाग असून तो पाहिला गेला नाही, असे घडता कामा नये. पाच दिवसांवर गेलेला ताप अंगावर काढू नये. चावा दिसत नाही हे खरे; त्याची खूण शोधणे मात्र आपल्या हाती आहे.