तीन तारांची उलटतपासणी

डिझेल गाडी रात्रभर उभी आहे. इंजिन गार, इंधनाच्या रेलमधला दाब उतरून शून्यावर आलेला. स्टार्टर न मारता नुसती चावी ऑन करा आणि रेलवर बसवलेल्या दाबाच्या सेन्सरची सिग्नलची तार मल्टिमीटरवर बघा. दाब शून्य, म्हणजे मीटरवरही शून्यच यायला हवं. पण येतं ०.५ व्होल्ट.

हा अर्धा व्होल्ट मुद्दाम ठेवलेला आहे. सेन्सरला कॉम्प्युटरकडून, म्हणजे ईसीयूकडून, ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो. त्याने उत्तर मात्र साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्येच द्यायचं असा रिवाज आहे. खालचा अर्धा आणि वरचा अर्धा व्होल्ट कोराच सोडलेला. इतकी जागा वाया का घालवायची? कारण तार तुटली, कुठे चिकटली, की सिग्नल थेट ० किंवा ५ व्होल्टला जाऊन टेकतो. ‘दाब शून्य आहे’ असं उत्तर येणं आणि उत्तरच न येणं, यांत फरक करता आला पाहिजे. हजेरीत ‘हजर’ म्हणणारा मुलगा आणि नाव पुकारल्यावर पसरणारी शांतता, तसा हा फरक. बिघाड झाल्यावर आपल्याला काय कळणार नाही याचा विचार ज्यांनी यंत्र घडवतानाच केला, त्यांच्याबद्दल मला इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आता हा सेन्सर काय मोजतो ते बघू. जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक नोझलला पाळीपाळीने इंधन ढकलायचा. कॉमन रेलमध्ये पंप एका जाड पोलादी नळीत डिझेल दाबून साठवतो आणि सगळे इंजेक्टर त्याच साठ्यातून, कॉम्प्युटर सांगेल त्या क्षणी, सांगेल तेवढं घेतात. प्रवासी गाड्यांत ही पद्धत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून आली. आपल्याकडे तिचा सगळ्यात ओळखीचा चेहरा म्हणजे फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोत तर होतंच. पुण्याजवळच्या रांजणगावात ते बनायचं. नाशिककरांना तर या सगळ्याची ओळख करून द्यायला नको. जुन्या मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, कारखान्यातून नोझल आणि इंजेक्टर बाहेर पडताना त्यांच्या दोन पिढ्यांनी पाहिलेत.

अशा इंजिनात नुसत्या आयडलिंगला रेलमध्ये २५० ते ३०० बार दाब असतो. घाटात पाय दाबला की तो १,६०० बारपर्यंत जातो, नव्या इंजिनांत २,००० च्याही पुढे. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा, पॅसिफिकमधली मरियाना गर्ता, सुमारे ११ किलोमीटर खोल आहे. तिच्या तळाशी पाण्याचा दाब भरतो जेमतेम १,१०० बार. म्हणजे बॉनेटखालच्या त्या वीतभर-हातभर नळीत महासागराच्या तळापेक्षा जास्त दाब कोंडलेला असतो. (म्हणूनच इंजिन चालू असताना रेलच्या पाइपचा नट ‘जरा सैल करून बघायचा’ नसतो. तिथून सुटणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टोचल्याइतकी खूण दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते.)

एवढा दाब मोजायला सेन्सरच्या आत हलणारं म्हणावं असं काही नाही. पोलादाचा एक पडदा, आणि त्याच्या पाठीवर चिकटवलेले चार अतिपातळ रोधक. दाबाने पडदा फुगतो, पण तो फुगवटा केसाच्या जाडीच्याही आतला. त्याबरोबर रोधक ताणले जातात आणि ताणलेल्या धातूचा विद्युतरोध बदलतो. ही गोष्ट विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञाने, १८५६ सालीच नोंदवून ठेवली होती. चार रोधकांची चौकटीसारखी जोडणी त्याहूनही जुनी: १८३३ मध्ये सॅम्युएल ख्रिस्टीने मांडली, १८४३ मध्ये चार्ल्स व्हीट्स्टनने गाजवली, आणि नाव व्हीट्स्टनचं लागलं. ताण मोजायचा चिकटवता रोधक मात्र १९३८ चा. तो अमेरिकेत दोघांना स्वतंत्रपणे सुचला. त्यांतले आर्थर रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होते. या चौकटीतून निघणारा फरक काही मिलिव्होल्टचाच असतो. सेन्सरमधलीच चिप तो वाढवून ०.५ ते ४.५ च्या पट्टीत बसवते.

बाहेर येतात तीन तारा. एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. बिघाडाचं सगळं नाट्य या तिघींमध्ये घडतं.

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला आणि पी०१९२ कोड आला, की बऱ्याच ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं: ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ कोड तसं काही म्हणतच नाही. पी०१९२ म्हणजे रेलच्या दाबाचा सिग्नल फार खाली आहे. पी०१९३ म्हणजे फार वर आहे. पी०१९४ म्हणजे येतो-जातो आहे. हे कॉम्प्युटरला ऐकू काय आलं त्याचं वर्णन आहे, कोण चुकलं त्याचा निकाल नव्हे. आणि पी००८७ आला तर गोष्टच वेगळी: सिग्नल ठीक आहे, त्यावर विश्वास आहे, पण दाब खरंच कमी पडतोय. मग फिल्टर तुंबलाय का, पंप थकलाय का, इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडतोय का, ते बघायचं. तिथे तारा तपासत बसणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.

तारांची खोडी कशी असते बघा. सेन्सरची अर्थिंग पूर्ण तुटली तर सिग्नल खाली जाईल असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. विजेला परत जायला वाट नाही म्हटल्यावर सेन्सरच्या आतलं सगळंच ५ व्होल्टच्या दिशेने वर तरंगतं आणि गाडी बंद असतानाही कॉम्प्युटरला रेलमध्ये कमाल दाब दिसतो. नशीब, वरचा अर्धा व्होल्ट कोरा सोडलेला आहे; त्यामुळे तो या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. कोड नोंदवतो, एक ठरावीक दाब गृहीत धरतो आणि गाडीची ताकद आवळून टाकतो. गाडी रखडत का होईना घरी येते. काही गाड्या मात्र असल्या वेळी सरळ बंदच पडतात.

सेन्सर दोषी की वायरिंग, हे ठरवायची एक युक्ती आहे आणि तिला लागतो फक्त वीतभर वायरचा तुकडा. समजा पी०१९२ आलाय. चावी ऑन ठेवून सेन्सरचा कपलर काढायचा. बऱ्याच गाड्यांत ईसीयूच्या आत एक रोधक सिग्नलच्या तारेला हलकेच ५ व्होल्टकडे ओढून धरतो. त्यामुळे कपलर निघताच स्कॅनरवरचा व्होल्टेज ५ च्या जवळ उडी मारतो. मारली उडी, तर तार आणि कॉम्प्युटर दोघंही शाबूत. सिग्नलला खाली दाबून धरणारा कपलरच्या पलीकडे होता, म्हणजे, कपलरवर ५ व्होल्टचा पुरवठा पोचत असेल तर, सेन्सरच. उडी मारली नाही, तर हार्नेसमध्ये ती तार कुठेतरी बॉडीला टेकलेली आहे. पावसाळ्यात आपल्याकडे याचं उत्तर बहुधा उंदीर असतं. ऊब शोधत ते इंजिनावर येऊन बसतात आणि जे मिळेल ते कुरतडतात.

पी०१९३ असेल तर प्रयोग उलटा. कपलर काढून त्यातल्या सिग्नलच्या आणि अर्थिंगच्या टोकांना तुकड्याने जोडायचं. आकडा शून्यावर कोसळला की दोन्ही तारा आणि ईसीयू एका झटक्यात निर्दोष सुटतात. कॉम्प्युटर आता ‘फार वर’ऐवजी ‘फार खाली’ अशी तक्रार करू लागतो, आणि कोड असा उलटताना बघण्यात जादूच्या प्रयोगाची गंमत आहे. दोन सूचना मात्र पाळायच्या. काही कंपन्या तो रोधक उलट्या दिशेने, अर्थिंगकडे, लावतात. म्हणून आधी त्या गाडीचा सर्किटचा नकाशा बघायचा. आणि तुकडा चुकून ५ व्होल्टच्या टोकाला लावायचा नाही.

हे झाले ढळढळीत बिघाड. खरी बुद्धी खर्ची पडते ती अर्धवट बिघाडात, जिथे कोड येतच नाही. कपलरमध्ये पाणी शिरलंय, एका पिनवर हिरवट गंज चढलाय, आणि त्यामुळे वाटेत २० ओहमचा रोध उभा राहिलाय असं धरू. सेन्सर १० मिलिअँपिअर वीज घेत असेल तर त्या गंजावर ०.२ व्होल्ट खर्च होतो. पट्टी ० ते १,८०० बारची असेल तर ४ व्होल्टमध्ये १,८०० बार, म्हणजे एका व्होल्टला ४५०. पुढचं गणित कागदावर मांडून बघण्यासारखं आहे.

गंज अर्थिंगच्या पिनवर असेल तर सेन्सरचं जोतंच ०.२ व्होल्टने वर उचललं जातं. रेल रिकामी असताना ०.५ ऐवजी ०.६८ व्होल्ट येतो, म्हणजे नसलेला ८० बार दाब दिसतो. आयडलिंगला ३०० बारच्या जागी ३७० दिसतात. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिक. त्याला वाटतं दाब जास्त झाला, म्हणून तो उतरवतो, आणि त्याला ३०० दिसू लागतात तेव्हा खरा दाब सव्वादोनशेवर आलेला असतो. पण पट्टीच्या वरच्या टोकाला हीच चूक दहा बारच्या आत येते. म्हणजे गाडी सकाळी चटकन उठत नाही, सिग्नलला थरथरते, आणि एक्स्प्रेस वेवर पोचली की काही झालंच नाही अशी पळते. मालक सांगतो, ‘लांबच्या प्रवासात काही त्रास नाही हो, गावातच नखरे करते.’ तो खोटं बोलत नसतो.

तोच गंज, तेवढाच, पण ५ व्होल्टच्या पिनवर सरकवा. आता सेन्सरला ४.८ व्होल्टच मिळतात आणि तो मिळालेल्या पुरवठ्याच्या प्रमाणातच उत्तर देतो. कमी दाबाला चूक नगण्य, पण कमाल दाबाला ८० बार कमी दिसतात. गाडी झटकन सुरू होते, शांत उभी राहते. चढावर मात्र कॉम्प्युटर पंपाला गरजेपेक्षा जास्त राबवतो.

आणि तोच गंज सिग्नलच्या पिनवर असेल तर? जवळजवळ काहीच होत नाही. त्या तारेतून वीज नावापुरतीच वाहते, त्यामुळे २० ओहमवर खर्च व्हायला काही उरतच नाही.

एकच घाण, तीन पिना, तीन वेगळ्या कहाण्या. कोड एकातही नाही, कारण सगळे आकडे ०.५ ते ४.५ च्या आत किंवा अगदी लगतच आहेत. पहारेकऱ्याने अडवावं असं त्यांत काही नाही. अर्थिंगवरचा गंज पकडायचा तर गार इंजिनावर चावी ऑन करून रेलचा दाब वाचायचा. रात्रभर उभ्या गाडीत ८० बार कुठून आले? पुढची परीक्षा कपलर न काढता, वीज वाहत असताना: मीटरचं एक टोक सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनला मागून, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक, २०० दिसले तर चोर सापडला. कपलर काढून, वीज बंद करून, बझरवर ‘कंटिन्युइटी आहे’ म्हणणाऱ्याला हा चोर सहसा सापडत नाही. बहुतेक मीटरचा बझर २० ओहमलाही खुशाल वाजतो. शिवाय कपलर काढता-घालताना पिना घासल्या जातात, गंज थोडा खरवडला जातो आणि गाडी चार दिवस बरी होते. मग श्रेय मिळतं मधल्या वेळात बदललेल्या नव्या सेन्सरला.

मीटरची सुई वायरच्या वेष्टनात खुपसायची सवयही इथेच नडते. त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं आणि नवा गंज तिथे धरतो. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवणं किचकट आहे, पण तेच बरोबर आहे.

आणखी एक प्रकार असा, की तो पहिल्यांदा बघणारा चक्रावतो. स्कॅनरवर एकाच वेळी रेलचा दाब, टर्बोचा दाब, आणखी एखादा सेन्सर, असे एकमेकांशी संबंध नसलेले कोड ओळीने उभे. इतके सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. पुष्कळ गाड्यांत एकच ५ व्होल्टची वाहिनी अनेक सेन्सरना वाटून दिलेली असते. त्यांतल्या एकाच्या पोटात शॉर्ट झाला की तो सगळ्यांचा पुरवठा ओढून खाली नेतो. अशा वेळी वाहिनीवर मीटर लावून ठेवायचा आणि तिच्यावरच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जायचे. एक, दोन, काही नाही. मग एखादा निघतो आणि मीटर ताडकन ५ वर जातो. मेलेला तो एकटा, बाकीचे सगळे त्याच्यामुळे मुके झाले होते.

अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलवर मात्र आखणाऱ्यांनी हा धोका पत्करलेला नाही. त्याच्या आत एकच हालचाल मोजणारे दोन स्वतंत्र सेन्सर असतात, आणि बहुतेक गाड्यांत दोघांचा ५ व्होल्टचा पुरवठाही वेगळा, अर्थिंगही वेगळी. दोघांची पट्टीही मुद्दाम निराळी, बऱ्याचदा एकाची दुसऱ्याच्या निम्मी. म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटून दोन्हीकडून सारखाच आकडा येऊ लागला, तर तो सारखेपणाच बिघाड म्हणून पकडला जातो.