समजून घ्या : शाळेत पंजाबरावांची जयंती चालते, मग मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत सेल्फीवर वाद का?

वऱ्हाडातल्या शाळांत २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या तसबिरीला हार घातला जातो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. तेही पक्षाचेच नेते होते : काँग्रेसचे, अमरावतीचे खासदार आणि १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री.

मग फरक काय?
पंजाबरावांचं निधन १९६५ मध्ये झालं. ते आता मतं मागत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र विद्यार्थ्यांना तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या पत्रासोबत सेल्फी अपलोड करायला सांगण्यात आलं. २६ एप्रिलला अमरावती आणि अकोल्यात लोकसभेचं मतदान झालं. शाळाच मतदान केंद्रं बनल्या.

नियम काय सांगतो?
आचारसंहितेत सरकारी इमारतींमधले पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचे फोटो काढावे किंवा झाकावे लागतात. दिवंगत राष्ट्रीय नेते, कवी, राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना सूट आहे.

मग सेल्फी नियमात बसल्या?
आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली, सेल्फी त्याआधीच्या. त्यामुळे आचारसंहितेची ही अट त्यांना लागू नव्हती.

खरा मुद्दा कोणता?
नागरिकशास्त्रात मुख्यमंत्रिपद शिकवणं वेगळं आणि पदावरच्या व्यक्तीसोबत मुलांचा फोटो मागणं वेगळं. गुरुजींनी सांगितल्यावर ‘नको’ म्हणणं मुलाला अवघड जातं. म्हणून शाळेची तटस्थता निवडणुकीपुरती नव्हे, वर्षभर हवी.