नाव अखंड राहावे म्हणून

मजकुरातून हवा तो शब्द वेचण्यासाठी संगणकाला जो आकृतिबंध सांगतात, त्यास ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. त्यात रोमन ‘ए ते झेड’ एवढीच मर्यादा घातली, तर ‘जुझे’ या पोर्तुगीज नावातील तिरकी रेघ शिरी धारण करणारा अंत्य ‘ई’ वगळला जातो. युनिकोडमध्ये तो एका संकेतांकानेही लिहितात, किंवा अक्षर व चिन्ह अशा दोहोंनीही. म्हणून तुलनेपूर्वी रूपे एक करावी लागतात. आपल्या ‘जोशी’त चार संकेतांक आहेत : दोन अक्षरे, दोन स्वरचिन्हे. केवळ अक्षरांचा ‘एल’ वर्ग सांगितला, तर स्वरचिन्हे गळतात; चिन्हांचा ‘एम’ वर्गही जोडला, की नाव सिद्ध होते. परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आडनाव अपुऱ्या आज्ञेने खंडित होऊ नये, एवढेच आमचे मागणे.