वेदनेवरचे पांघरूण

रोग बरा करतो तो वैद्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी मात्र आहे. फैलावलेला कर्करोग, थकलेले हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे असे काही विकार पुष्कळदा पूर्णपणे बरे होत नाहीत. तरीही त्यांनी ग्रासलेला मनुष्य महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे जगत असतो. अशा वेळी "आता करण्यासारखे काही उरले नाही" हे शब्द घरच्यांच्या कानी पडतात. ते कितपत खरे आहेत, याचा विचार आपण येथे करू.

या प्रश्नास उत्तर देणाऱ्या वैद्यकशाखेला उपशामक सेवा म्हणतात. तिचे पाश्चात्त्य नाव 'पॅलिएटिव्ह केअर'. लॅटिन भाषेत 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र. त्यावरून हे नाव पडले. थंडी घालविणे आपल्या हाती नसते, पण कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालणे खासच असते.

या सेवेचा आधुनिक पाया इंग्लंडात डॉ. सिसिली साँडर्स यांनी घातला. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर असा त्यांचा प्रवास झाला. १९६७ साली त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, संसाराची व श्रद्धेचीही असते, असे त्यांनी शिकविले. अंथरुणास खिळलेल्या कर्त्या पुरुषाला हाडांच्या ठणक्याइतकीच मुलांच्या शिक्षणाची काळजीही जाळीत असते. म्हणून या सेवेत डॉक्टरांबरोबर परिचारिका, समाजसेवक व घरची माणसेही हवीत. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठीच आहे असेही नाही. निदान झाल्यापासून, मूळ उपचारांच्या जोडीने ती देता येते.

शारीरिक वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली: प्रथम साधी वेदनाशामके, नंतर सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेस मॉर्फीन. सतत दुखत असेल, तर कळ उठण्याची वाट न पाहता औषध ठरल्या वेळी द्यावयाचे, हे त्यातील मर्म होय.

मॉर्फीन अफूपासून मिळते, आणि आमच्या माळव्यात मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही कित्येक वर्षे येथील रोगी त्या औषधावाचून तळमळत राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे रुग्णालये ते ठेवण्यास धजेनात. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट काहीशी सुकर झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी योग्य प्रमाणात घेतल्यास व्यसन जडण्याचा धोका अल्प असतो. पण लोकांच्या मनातील भीती अद्याप पुरती गेलेली नाही.

आपल्या देशातही हे कार्य रुजले आहे. मुंबईत १९८६ साली 'शांती अवेदना सदन' सुरू झाले. १९९३ साली कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था उभारली. पुढे केरळात शेजारपाजारचे सामान्य लोक व विद्यार्थीही थोडे शिक्षण घेऊन रोग्यांच्या घरी जाऊ लागले. २००८ साली त्या राज्याने या सेवेचे स्वतंत्र धोरणच आखले.

या सेवेतील पुष्कळशी कामे साधीच असतात. पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून रोग्याची कूस वरचेवर बदलणे, कोरडे पडलेले तोंड ओले करणे, धाप लागली असता उशा देऊन बसविणे व तोंडावर वारा घालणे, रात्रभर जागलेल्या आईला दोन घटका विसावा देणे. रोगी बोलू लागला, तर घाईने धीर देण्यापेक्षा त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे हीदेखील सेवाच होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या आळीत असे आजारी माणूस असेल, तर त्या घरी काय बोलावे हे न सुचून आपण जाण्याचे टाळतो. यापुढे टाळू नये. वर्तमानपत्रातील चार ओळी वाचून दाखविण्यास कोणतीही पदवी लागत नाही. रोग हटला नाही, तरी त्या माणसासाठी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.