पॅडलबोर्ड डगमगतोय? मग फिन बदलून तोल सावरतो का?

बामणोलीहून वासोट्याला जायचं तर आधी शिवसागर बोटीने पार करावा लागतो, हे ट्रेकवाल्यांना पाठ असतं. तापोळा-बामणोलीचे बोट क्लब जुने आहेत. त्यात २०२४ मध्ये राज्य सरकारने याच पाण्याच्या काठी, जावळी तालुक्यातल्या मुनावळे इथे जलपर्यटन केंद्र सुरू केलं. दुसरीकडे रील्समधून उभ्याने वल्हवायचा पॅडलबोर्ड घराघरात पोचलाय. हवा काढली की गाडीच्या डिकीत मावतो, त्यामुळे ऑनलाइन मागवणारेही वाढलेत.

खोक्यातून बोर्डबरोबर बाहेर पडतो फिन. फिन म्हणजे बोर्डच्या बुडाला, मागच्या बाजूला लावायचा पातळ पंख. कधी एकच, कधी तीन. मग पहिल्याच दिवशी धपाधप पाण्यात पडलेला माणूस निष्कर्ष काढतो की फिन छोटा आहे, मोठा घ्यायला हवा.

इथेच गडबड होते.

पाण्यावर स्थिर राहणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक, डावी-उजवीकडे न कलंडणं. दुसरी, नाकासमोर सरळ जाणं. फिनचं खरं काम दुसरं आहे.

सांगलीकरांना हे वेगळं समजावायची गरज नाही. पावसाळ्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा काठावरची गर्दी वल्ही मारणाऱ्यांना ओरडून जोर देते. पण होडी सरळ ठेवतो तो मागे सुकाणूचं वल्हं धरलेला गडी. त्याचा हात चुकला की होडी तिरकी गेलीच. पॅडलबोर्डवर उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे वळू पाहतं. तेव्हा मागची बाजू घसरू न देणारा गडी म्हणजे फिन. फक्त हा गडी मुका आणि जागेवर खिळलेला.

कलंडण्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो रुंदीवर चालतो. वजन आणि लांबी तीच ठेवून बोर्ड ३० इंचांऐवजी ३३ इंच रुंद घेतला, तर रुंदी वाढते फक्त दहा टक्के. पण कलंडायला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण एक तृतीयांशाने जास्त. तीन इंचांनी जो फरक पडतो तो कुठलाही फिन देऊ शकत नाही. म्हणून शिकणाऱ्याने ३२ ते ३४ इंचांचा बोर्ड घ्यावा आणि फिनचा विचार नंतर करावा. बोर्डमध्ये हवा कमी भरली असेल तर तो मध्ये वाकतो आणि आणखी डुलतो, हेही आधी तपासावं. हाताने पंप मारून दमलेली मंडळी नेमकी इथेच घाई करतात.

मग मोठा फिन लावल्यावर बोर्ड जरा शांत वाटतो, तो भास असतो का? अगदीच नाही. पाण्यात खोल गेलेला फिन बोर्डच्या डुलण्याला ब्रेक लावतो. डुलणं हळू होतं आणि पायांना सावरायला क्षणभर मिळतो. पण डुलणं थांबत नाही.

१९३५ मध्ये टॉम ब्लेकने हवाईत सर्फबोर्डला पहिल्यांदा फिन लावला, तेव्हाही प्रश्न मागची बाजू घसरण्याचाच होता. तीन सारख्या फिनची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८०च्या सुमारास आणली, ती लाटेवर वळतानाही बोर्डवर ताबा राहावा म्हणून. शिवसागरात लाटाच नाहीत. तिथे बाजूचे दोन फिन बहुतेक वेळा नुसतं पाणी ओढतात आणि दम काढतात. मध्ये ८ ते १० इंचांचा एकच फिन पुरतो. तारकर्लीच्या लाटांवर जायचं असेल तर मधला थोडा छोटा आणि बाजूला दोन लहान, ही जोडी चांगली.

खुल्या जलाशयात आणखी एक भानगड असते, वाऱ्याची. फिन फार मोठा आणि अगदी मागे असला की शेपूट पाण्यात धरून राहते आणि वारा नाक ढकलून देतो. बोर्ड पुन्हापुन्हा वाऱ्याच्या दिशेनेच वळत राहतो. लांब खाचेत बसणारा फिन असेल तर तो इंच-दोन इंच पुढे सरकवावा. तशी सोय नसेल तर गुडघ्यावर बसून थोडं पुढे सरकावं. वाऱ्याला अंग कमी लागतं आणि नाक पाणी धरतं.

उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरतं, तेव्हा काठाजवळ दगड आणि जुनी खोडं वर येतात. दहा इंचांचा फिन खोडाला अडला की बोर्ड जागच्या जागी थांबतो, माणूस मात्र थांबत नाही. तोंडावर आपटतो. अशा ठिकाणी चार-पाच इंचांचे आखूड, लवचिक फिन बरे. सरळपणा थोडा जातो, दात वाचतात.

धरणातून सुटलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीकडे जातं. म्हणून तोच बोर्ड, तोच फिन घेऊन आयर्विन पुलाखाली उतरावं का? इथे नियम बदलतात. जलपर्णी आणि गवत उभ्या फिनला गुंडाळतं आणि बोर्ड जड होतो. त्यासाठी मागे चांगलाच झुकलेला फिन मिळतो, त्यावरून गवत निसटून जातं. पण कृष्णेचं खरं दुखणं फिनने सुटणारं नाही. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथे धडपडत शिकायची हौस करूच नये.

शिवाय बोर्डला बांधणारी दोरी. तलावात ती घोट्याला बांधलेली चालते. बोर्ड वाऱ्याने निघून गेला तर लाइफ जॅकेट घातलेला माणूसही काठापासून दूर अडकतो, म्हणून ती हवीच. वाहत्या नदीत मात्र हीच दोरी गळफास ठरू शकते. बोर्ड झाडाच्या एका बाजूने, माणूस दुसऱ्या बाजूने, आणि प्रवाहाच्या जोरात घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून नदीत कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा लावतात. म्हैसाळसारख्या बंधाऱ्याच्या आसपास तर जाऊच नये. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि आत सापडलेल्याला पुन्हापुन्हा ओढतं.

फिन लावताना त्याचं वळलेलं टोक मागे हवं. उलटा लावलेले फिन सर्रास दिसतात. खोक्यात दाबून वाकडा झालेला प्लास्टिकचा फिन फेकू नका. कडक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून चिमट्याने काढा, सरळ करून धरा आणि लगेच गार पाण्यात घाला. वाकडा फिन असलेला बोर्ड कितीही नीट वल्हवला तरी एकाच बाजूला ओढत राहतो.