पायथॉनमध्ये २६ तासांचे २ तास कसे झाले?

पार्किंगचं बिल काढायला मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. गाडी २६ तास उभी, बिल मात्र २ तासांचं! मालकाचं नुकसान झालं, चूक माझी.

दोन वेळांची वजाबाकी केली की टाइमडेल्टा मिळतो. तो कालावधी दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद अशा तीन भागांत साठवतो. म्हणून २६ तासांचे होतात १ दिवस आणि ७२०० सेकंद. मी फक्त 'सेकंड्स' वाचलं, दिवस बाजूलाच राहिला. पूर्ण कालावधीसाठी 'टोटल_सेकंड्स()' वापरायचं, उत्तर ९३६००. (वजा ५ मिनिटं तर १ दिवस वजा, अधिक ८६१०० सेकंद अशी दिसतात!)

टेस्टिंगमध्ये हे कळलंच नाही, कारण माझ्या सगळ्या गाड्या दोन-तीन तासांतच बाहेर पडत होत्या.